नाकाबंदी

आमच्या ह्यांना कारखान्यात सगळे 'नाकाबंदी' म्हणतात. तोंडावर साहेब, पाठ वळली की नाकाबंदी. हे मला ह्यांनीच सांगितलं, आणि सांगताना चेहरा असा, जसं काही कुणी पदक दिलंय. मी म्हटलं, "अहो, लोक टिंगल करतायत तुमची." तर म्हणतात, "करू देत की. नाव चपखल आहे." आता अशा माणसाशी भांडायचं तरी कसं? मी पाणीपट्टीच्या खिडकीवर बसते, दिवसभर लोकांशी भांडून पोट भरते. घरी आले की भांडायला समोर हा असा माणूस.

नाव चपखल आहे ते दोन कारणांनी. एक म्हणजे नाक. ह्यांचा कारखाना सुगंधाचा. साबणात, पावडरीत, फरशी पुसायच्या औषधात जो वास असतो ना, तो तिथे तयार होतो. हे प्रयोगशाळेत. फ्लास्कचं बूच काढायचं, हाताने वारा घेऊन एकदाच हुंगायचं, आणि आत किती काय झालंय ते सांगायचं. मग मशीन तेच सांगणार, तासाभराने आणि वीज खाऊन. घरातही तेच. मी दूध उतू घालवून, शेगडी पुसून, खिडक्या उघडून बसलेली असायची. हे दारातूनच म्हणायचे, "दूध गेलं वाटतं." जीव नकोसा व्हायचा.

दुसरं कारण समजायला आमचा जिना चढावा लागेल. लग्न झालं त्याच आठवड्यात ह्यांनी मला जिन्यात उभं करून ते समजावलं होतं. नव्या नवरीला लोक काय काय सांगतात, मला कार्बोक्झिलिक ॲसिड मिळालं! तर वरचा मजला म्हणजे ॲसिड. खालचा मजला म्हणजे अल्कोहोल. आणि मधे जिना वळतो तिथला तो वीतभर रुंद टप्पा म्हणजे अल्डिहाइड. वरून खाली उतरवायचं याला म्हणायचं रिडक्शन. आणि सुगंध राहतो कुठे? तर मधल्या टप्प्यावर.

"मग तिथे उतरवून थांबवा की," मी म्हटलं होतं.

"तीच तर गंमत आहे," हे म्हणाले. "ॲसिड हट्टी असतं. साध्या औषधाला ते दाद देत नाही, ढिम्म हलत नाही. त्याला हलवायला जालीम हायड्राइड लागतं. करडी पूड असते, पाण्याचा थेंब लागला की पेट घेते. ते वरून ढकलतं. पण टप्प्यावर आलेला वरच्यापेक्षा ढकलायला जास्त सोपा असतो ना! त्यामुळे तो टप्प्यावर उभाच राहत नाही. थेट खाली."

मग कारखाना काय करतो, तर आधी पार तळाला नेतो आणि दुसऱ्या औषधाने एक टप्पा वर चढवतो. काम होतं, पण चढताना बराच माल करपतो. ह्यांचा सगळा जन्म त्या टप्प्यावर नाकाबंदी लावण्यात गेला. त्या ॲसिडला दुसरा एखादा अंगरखा चढवायचा, बर्फाहून कितीतरी गार करायचं, हायड्राइड थेंबाथेंबाने सोडायचं. छोट्या फ्लास्कात थांबायचं सुद्धा. हे नाचत घरी यायचे. मोठ्या भांड्यात केलं की जैसे थे. कुठेतरी ऊब राहायची आणि सगळी वरात खाली.

सासूबाईंना ह्यातलं एवढंच कळलं होतं की थोरला रोज ॲसिडचं अल्कोहोल करतो. कुणी विचारलं मुलं काय करतात, की त्या सांगायच्या, "थोरला दारू करतो, धाकटा पितो. मी कुणाकुणाच्या तोंडाला कुलूप लावू?" हे किती वेळा म्हणाले, "आई, ते अल्कोहोल वेगळं गं." त्या म्हणायच्या, "हो, आणि माझा मुलगाही वेगळा होता."

धाकटा म्हणजे माझे दीर. मी त्यांना भाऊजी म्हणते. शाळेची बस चालवायचे. असा लाघवी माणूस मी पाहिला नाही. बसमधली पोरं त्यांच्या गळ्यात पडून उतरायची. प्यायले तरी आरडाओरड नाही, कुणावर हात नाही, नुसते हसायचे आणि दोन-दोन दिवस नाहीसे व्हायचे. मग एका सकाळी तसेच स्टिअरिंगवर येऊन बसले. शाळेच्या बाईंनी पोरांना चढू दिलं नाही, म्हणून बरं. नोकरी त्याच दिवशी गेली. माझी धाकटी जाऊ लेकीला, चिंगीला घेऊन आपल्या आईकडे निघून गेली, आणि भाऊजी एक पिशवी घेऊन आमच्या दारात उभे राहिले.

जाऊ फटकळ, पण न्यायाची. तिने फोनवर सांगितलं, "शाळा उघडेपर्यंत थेंबाला शिवले नाहीत, तर मी चिंगीला घेऊन येते. नाहीतर नाव काढू नका. आणि त्यांच्या शब्दावर माझा विश्वास नाही. दादांच्या नाकावर आहे. दादा सांगतील ते खरं."

हे म्हणाले, "मी खोटं सांगणार नाही." आणि तो शब्द ह्यांनी पाळला. पुढचं सगळं त्याच शब्दापायी झालं.

डॉक्टरांनी गोळी दिली. सासूबाई म्हणत होत्या, जेवणात कालवून दे, त्याला कशाला सांगायचं. ह्यांनी साफ सांगितलं, लपवून दिली तर जीव जाईल. म्हणून भाऊजींना समोर बसवलं आणि पुन्हा तो जिना आला. मी कपाळावर हात मारला.

"हे बघ," हे म्हणाले, "तू पितोस ते अल्कोहोल खालच्या मजल्यावर असतं. शरीर त्याला उलटं चढवतं, आधी टप्प्यावर, मग वर. टप्प्यावरचं ते अल्डिहाइड विषारी. पण शरीर त्याला तिथे उभंच राहू देत नाही, लगेच वर नेतं, म्हणून तुला कळत नाही. ही गोळी वरचं दार बंद करते. मग प्यायलेलं सगळं टप्प्यावर अडकतं. डोकं फुटायला येईल, छाती धडधडेल, तोंड लालबुंद होईल. मरायची पाळी येऊ शकते. कळलं?"

भाऊजी एकदम खो खो हसायला लागले. "म्हणजे दादा, तुला जन्मभर जमलं नाही ते ही गोळी करणार? टप्प्यावर थांबवणार?"

हेही हसले. मग म्हणाले, "गंमत नाही रे. घेशील का?"

"घेईन," भाऊजी म्हणाले. "चिंगीसाठी घेईन."

त्या दिवशी ह्यांनी घर धुंडाळलं. डॉक्टर म्हणाले होते, दारूचा अंश कशातही असू शकतो. दाढीनंतर लावायचं पाणी गेलं, तोंड धुवायचं निळं औषध गेलं, काचा पुसायची बाटली गेली, माझं ठेवणीतलं अत्तरसुद्धा गेलं. तेव्हा मात्र मी एक दिवस बोलले नाही. औषधांचा डबा उलटा केला, एकेक बाटली उघडून हुंगली. सासूबाईंच्या कपाटाला फक्त हात लावला नाही. आईच्या कपड्यांत कुठे हात घालायचा?

रोज सकाळी गोळी. हे पाण्याचा पेला धरून उभे, भाऊजी 'आ' करून दाखवणार, जीभ उचलून दाखवणार. टायरच्या दुकानात त्यांना काम मिळालं होतं. संध्याकाळी आले की बूट काढायच्या आधी ह्यांच्यासमोर यायचे आणि तोंडावर 'हाः' करायचे. "हुंग दादा." हे डोळे मिटून हुंगायचे, अगदी कारखान्यातल्यासारखे. "रबर. ग्रीस. दोन चहा. आणि वहिनीने लपवलेली बिस्किटं." भाऊजी माझ्याकडे बघून कान पकडायचे. मग हे शेवटी म्हणायचे, "स्वच्छ." तो एक शब्द ऐकला की आतल्या खोलीत सासूबाईंचं टीव्ही लावायचं धाडस व्हायचं. दर रविवारी हे जावेला फोन करून तेवढंच सांगायचे. स्वच्छ.

माणूस असा उजळत गेला, की काय सांगू. दुकानात पडलेली एक मोडकी लहान सायकल त्यांनी घरी आणली, पत्रा ठोकला, चाकं बसवली, लाल रंग दिला. घंटी दोनदा बदलली, कारण पहिलीचा आवाज त्यांना पसंत नव्हता. शाळा उघडायला आली. जाऊ म्हणाली, रविवारी येतो आम्ही. शनिवारी भाऊजींनी सुट्टी घेतली, खोलीतलं जाळं काढलं, गाद्या झटकल्या, आणि धुळीने खोकत बसले.

संध्याकाळी हे आले. भाऊजी पुढे आले नाहीत. खोलीत पलंगावर बसले होते, तोंड लाल, मानेपर्यंत लाल, डोळे तारवटलेले. "दादा, डोकं फुटतंय रे," म्हणाले आणि भडाभडा ओकले. छाती अशी उडत होती की सदऱ्यावरून दिसत होती. हे धावत जवळ गेले, त्यांना धरलं, वाकले. आणि मी बघितलं, वाकता वाकता हे तसेच थबकले.

"अल्डिहाइड," हे म्हणाले.

"काय हो?"

"अल्डिहाइडचा वास येतोय. घेतलीय ह्याने."

"नाही रे दादा," भाऊजी म्हणाले. "नाही घेतली. आईशप्पथ."

"मग काय घेतलंस? काय खाल्लंस, काय प्यालास, खरं सांग."

भाऊजींनी दाराकडे पाहिलं. दारात सासूबाई पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. "काही नाही," ते म्हणाले. पण ते बोलायच्या आधी एक क्षण गेला, आणि तो ह्यांच्या नजरेतून सुटला नाही.

दवाखान्यात सलाईन लावलं, ऑक्सिजन लावला. तिथेही विचारलं, तिथेही तेच उत्तर. नाही घेतली. डॉक्टरांनी नुसती मान हलवली. असली उत्तरं त्यांनी ढिगाने ऐकली असणार. मी खरं सांगते, मलाही शंकाच होती. पण ह्यांना शंका नव्हती. ह्यांना खात्री होती, आणि तीच वाईट. "माझं नाक चुकत नाही गं," हे मला व्हरांड्यात म्हणाले. डोळ्यांत पाणी होतं. "मी काय करू? चुकलं असतं तर बरं झालं असतं."

मग ह्यांनी जावेला फोन लावला. मी म्हटलं, "अहो, उद्याचा दिवस जाऊ द्या. सणकीत काही करू नका." तर म्हणाले, "शब्द दिलाय." व्हरांड्यातून फोन केला, पण दार उघडंच होतं, आणि दवाखान्यात आवाज घुमतो. "येऊ नका," हे म्हणाले. "हो. आजच. नाही, चूक नाही, मी स्वतः हुंगलं." आत पलंगावर भाऊजींनी भिंतीकडे तोंड केलं.

दुसऱ्या दिवशी घरी आणलं. त्याच्या पुढल्या सकाळी हे गोळी आणि पाणी घेऊन गेले. भाऊजींनी गोळी हातात घेतली, उलटीसुलटी करून बघितली आणि टेबलावर ठेवली.

"दादा, न पिता दारुडा ठरलो मी. मग पिऊन ठरलेलं काय वाईट?"

"नाटकं बंद कर," हे म्हणाले. भाऊजींनी पिशवी उचलली. मी आडवी गेले, तर म्हणाले, "वहिनी, सायकलला वारा भरून ठेवा मधून मधून. टायर बसतो नाहीतर." आणि जिना उतरून गेले.

तेव्हा हे मागे धावले. अनवाणी. रस्त्यावर लोक बघत होते आणि हे ओरडत होते, "अरे, लगेच नको! गोळीचा अंमल आहे अजून अंगात! निदान दोन आठवडे तरी घेऊ नकोस!" बघा म्हणजे. पिऊ नकोस म्हणायचं सोडून हा माणूस सांगतोय, दोन आठवड्यांनी पी. मला हसू यावं की रडू, कळेना. भाऊजींनी वळून पाहिलं नाही.

पुढे सासूबाई एकच पालुपद लावून बसायच्या, "ऐन वेळी घात केला मेल्याने. पोरगी यायच्या आदल्या दिवशी!" आणि मग हुंदके.

एक दिवस मी कामावरून येते तो काय, हे सासूबाईंच्या खोलीच्या उंबऱ्यात उभे. आत सासूबाई खोकत होत्या. कपाटातल्या विणकामाच्या पिशवीतून त्यांनी एक बाटली काढली होती आणि छोट्या पेल्यात औषध ओतत होत्या. खोकल्याचं गोड औषध. सासूबाईंना मधुमेह आहे, गोड बंद. म्हणून ती बाटली लोकरीच्या गुंड्यांखाली. ह्यांना पाहून त्या दचकल्या. "रागावू नकोस हं. अर्धा पेलाच घेते."

ह्यांनी बाटली हातात घेतली. हुंगली. मग पुन्हा हुंगली. मी ह्यांना कधी कुठलीच गोष्ट दोनदा हुंगताना पाहिलं नव्हतं.

"आई," हे अगदी हळू म्हणाले, "हे धाकट्याला दिलं होतंस?"

"दिलं होतं की. गाद्या झटकून खोकत होता ना त्या दिवशी, चांगला पेलाभर दिला. म्हटलं, थोरल्याला सांगू नकोस, मला ओरडेल. का रे? खोकला तर थांबला होता त्याचा." आणि मग त्याच दमात, "आणि लगेच जाऊन ढोसून आला, कर्मदरिद्री!"

हे बाटली घेऊन स्वयंपाकघरात आले, मोरीजवळ उभे राहिले. "अल्कोहोल," मला म्हणाले. "भरपूर आहे. गोड आहे म्हणून तिला कळत नाही, त्यालाही कळलं नसेल." नळ सोडला आणि बाटली ओतली. "नाक बरोबर होतं गं माझं. अल्डिहाइड होतंच. ते कुठल्या दाराने आलं, हे नाक सांगत नाही. एवढं साधं मला कळू नये?"

मला त्यांचा असा राग आला! आणि सासूबाईंचा, आणि त्या गोड औषधवाल्याचा. आणि त्या संध्याकाळी आईकडे बघून गप्प बसणाऱ्या भाऊजींचाही. म्हातारीला बोलणी बसू नयेत म्हणून गप्प बसला हा माणूस! आग लागो असल्या चांगुलपणाला. पण राग काढणार कुणावर? सगळ्यांनी सगळं चांगल्यासाठीच केलं होतं.

आम्ही दोघं टायरच्या दुकानात गेलो. मागच्या बाजूला जुन्या टायरांच्या ढिगाआड भाऊजींची खाट होती. भरदुपारी प्यायलेले होते. हे त्यांच्यासमोर जमिनीवर बसले, ग्रीसमध्ये, कामाच्या कपड्यांनिशी, आणि सगळं सांगितलं. "माझं चुकलं. तू खरं बोलत होतास."

भाऊजी ऐकत होते. मग हसले, ते नेहमीचं हसू. "म्हणजे नाकाबंदी उठली म्हणायची." जरा वेळाने म्हणाले, "आईला सांगितलंस?"

"नाही अजून."

"सांगू नकोस. मरेपर्यंत रडत बसेल ती. मला शिव्या देतेय ते बरंय."

"घरी चल."

"आता कशाला दादा? तेव्हा नव्हती घेतली तर घालवलंस. आता घेतलीय तर चल म्हणतोस." भाऊजी रागाने नाही, अगदी गमतीने म्हणाले. आणि गोळी तरी कशी देणार? अंगात दारू असताना ती गोळी द्यायची म्हणजे जीवच घ्यायचा. हे खिशात गोळ्यांचं पाकीट घेऊन गेले होते, तसंच परत आणलं.

जावेलाही फोन केला. सगळं ऐकून ती म्हणाली, "दादा, तुम्हीसुद्धा? भावाला सावरायला आईच्या औषधावर ढकलताय? तेव्हा म्हणालात, चूक नाही, मी स्वतः हुंगलं. माझा तुमच्या त्या बोलण्यावर विश्वास आहे." आणि फोन ठेवला. तिचं तरी काय चुकलं? जन्मभर खरं बोलून मिळवलेली पत ह्यांनी त्या एका फोनवर खर्च केली होती, आणि आता खरं सांगायला शिल्लक काही नव्हतं.

त्यानंतर हे कारखान्यात हुंगेनासे झाले. फ्लास्क उघडला की तोंड बाजूला करतात, नमुना मशीनकडे पाठवतात. वरच्या साहेबांना वाटलं, वयाने नाक गेलं. घरी दूध उतू गेलं तरी बोलत नाहीत. एकदा मी मुद्दाम जाळलं, निदान काहीतरी बोलतील म्हणून. हे शेजारच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत बसले.

भाऊजींकडे हे आठवड्यातून एकदा जात राहिले. जेवणाचा डबा न्यायचा, रिकामा आणायचा. कधी भरलेलाच परत यायचा. मी भांडून बघितलं, दुकानमालकाला तंबी देऊन बघितली, एकदा तर बाटली हिसकावून गटारात ओतली. भाऊजी म्हणाले, "वहिनी, पैसे वाया घालवलेत." दोन शब्द कडक बोलायला तोंड उघडलं आणि माझंच रडू फुटलं. असला मी आयुष्यात कधी पराभव पाहिला नाही.

मग दुकानमालकाचाच फोन आला. भाऊजींचे डोळे हळदीसारखे पिवळे, पोट ताठ फुगलेलं. दवाखान्यात बरेच दिवस काढले. डॉक्टरांनी ह्यांना बाजूला घेऊन सांगितलं, यकृत गेलेलं आहे. आता ती गोळीही देता येणार नाही, यकृताला झेपणार नाही. हे म्हणाले, "मग काय देता येईल?" डॉक्टर म्हणाले, "घरी न्या."

घरी आणलं. आणि नवल म्हणजे, भाऊजींनी सोडली. गोळी नाही, कुणी पाण्याचा पेला घेऊन उभं नाही. खरंच सोडली. "शरीरालाच नकोशी झालीय," म्हणतात. दिवसभर बाहेरच्या खोलीत पडून असतात. शेजारी ती लाल सायकल. टायरमध्ये वारा मी भरते, पंप मारून मारून दंड भरून येतात, पण भरते.

संध्याकाळी हे आले की भाऊजी उशीवरून मान उचलतात. "हुंग दादा."

पहिल्यांदा हे म्हणाले, "नको रे. मला माहितेय." पण भाऊजी ऐकेनात. "नाही, हुंग. तू सांगितल्याशिवाय खरं नाही." आतून सासूबाई ओरडल्या, "नीट हुंग रे! मागच्यासारखा फसवेल!" भाऊजींनी ह्यांच्याकडे बघून हळूच डोळा मिचकावला. हे वाकले. डोळे मिटले. बराच वेळ लावला, आणि म्हणाले, "स्वच्छ."

मग मोरीवर हात धुवायला गेले आणि धुतच राहिले. मी मागे गेले. "काय हो? घेतलीय का पुन्हा?"

"नाही गं. दारूचा टिपूस नाही." नळ चालूच होता. "दुसराच वास आहे. गोडसर, कुबट. बंद कपाटात फळ विसरावं तसा. तो आतून येतोय. रोज वाढणार तो."

हे रोज हुंगतात आणि रोज तोच शब्द सांगतात. तो शब्द ऐकला की भाऊजींचा चेहरा फुलतो. पैज जिंकल्यासारखा.

काल भाऊजींनीच हट्ट धरला. "तिला फोन लाव. तू सांग. तुझ्या नाकावर येईल ती." मी म्हटलं, ती मागच्या वेळी काय म्हणाली, आठवतं ना? पण हे उठले, फोन लावला. भाऊजी कोपरावर रेलून ऐकत होते, सासूबाई दारात. मीही फोनला कान लावून उभी राहिले. ह्यांनी तोच शब्द सांगितला. पलीकडे मागे चिंगी कुणाशी तरी हसत होती, तेवढं ऐकू येत होतं. मग जाऊ म्हणाली, "दादा, एकदाच विचारते. खरं सांगा. तुम्ही स्वतः हुंगलंत?"

"स्वतः हुंगलं," हे म्हणाले. "स्वच्छ आहे. चिंगीला घेऊन ये. लवकर ये."

भाऊजी उशीवर पडले, डोळे मिटून हसत.

"येते," जाऊ म्हणाली. मग तिने विचारलं, "पण लवकर का, दादा?"

हे फोन कानाला धरून भाऊजींच्या हसऱ्या चेहऱ्याकडे बघत राहिले.